केसपेपरवरची राहिलेली ओळ



स्वागताध्यक्षाने निधी जमवावा, जेवणाखाणाचं बघावं आणि थोडक्यात आटपावं, असा संकेत आहे. द्राक्षांच्या आणि वाइनच्या या नाशिकमध्ये निधीची अडचण पडायला नको होती. एका मद्यउत्पादकाने दोन्ही दिवसांचा चहा-नाश्ता आमच्याकडून, असा निरोप धाडलाही होता. विषयच विद्यार्थ्यांच्या दारूचा, म्हणून समितीने हात जोडले. तेव्हा मिसळ भरपूर आहे, पाव जरा बेताने घ्या.

कॉलेज रोडच्या आसपास माझी प्रॅक्टिस. जून-जुलैत फिटनेस सर्टिफिकेटची रांग लागते. उंची, वजन, डोळे, शिक्का, सही, पुढचा. एरवी सोमवार सकाळची ॲसिडिटी, गाडीवरून घसरून सोललेलं कोपर, बुडालेल्या सबमिशनसाठी हवा असलेला दाखला. विशीच्या आतबाहेरचं पोर डॉक्टरकडे फारसं फिरकत नाही. फिरकतं ते अशाच निमित्तांनी. तेवढ्या पाच मिनिटांत आपण डॉक्टर काय करतो? मेट्रोनिडॅझोल लिहिताना ‘यावर दारू नको हं’ असं बजावतो. ‘घेतोस का? किती?’ हे मात्र विचारत नाही. विचारलंच, तर ज्याच्या तोंडाला वास येतो त्याला. मुलींना तर नाहीच. तो प्रश्न आपल्याच जिभेवर अडतो.

आपल्यापैकी बरेच जण दारूचं व्यसन ओळखण्याचे ‘केज’चे चार प्रश्न शिकून बाहेर पडलो. सकाळी उठल्या उठल्या लागते का, हा त्यातला शेवटचा. मुरलेल्या माणसाला तो बरोबर पकडतो. शनिवारी रात्री मित्रांच्या खोलीवर बेसुमार पिऊन रविवारभर झोपणाऱ्या मुलाच्या हाती मात्र शून्य गुण ठेवून त्याला सोडून देतो. जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांतल्या अभ्यासावरून बनवलेली ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी या वयाला जास्त जवळची. एकूण गुण ४०, आठला सावध व्हायचं. वेळ नसेल तर पहिले तीन प्रश्न पुरतात: किती वेळा, एका बैठकीत किती, आणि सहा किंवा त्याहून जास्त पेले एकदम कितीदा.

खरी गंमत ‘किती’मध्ये आहे. ‘सर, फक्त एक बिअर.’ ही एक म्हणजे ६५० मिलिलिटरची, आठ टक्क्यांची स्ट्राँग. हिशोब केला तर त्यात ४० ग्रॅमच्या वर अल्कोहोल भरतं. तीस मिलिलिटरच्या स्मॉल पेगमध्ये साधारण दहा. म्हणजे एका बाटलीत चार पेग, आणि दीड बाटलीत तिसऱ्या प्रश्नातला सहाचा आकडा गाठला. पोर खोटं बोललेलं नसतं. त्याला माहीत नसतं, आणि खरं सांगायचं तर आपल्यातल्याही अनेकांनी हा गुणाकार कधी केलेला नसतो. म्हणून ‘पितोस का’पेक्षा ‘कोणती, केवढी बाटली, किती जणांत’ असं विचारावं.

आता अवघड भाग. आपल्या राज्यात बिअर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५ वर्षांची अट, वर परवाना. एकोणीस वर्षांचा मुलगा आपल्याला खरं उत्तर देतो तेव्हा एका परीने गुन्हाच कबूल करत असतो; तेही बऱ्याचदा आई शेजारच्या खुर्चीत असताना. आईला बाहेर बसवा. आणि रेक्टर मंडळी, इथे तुमचं-आमचं वाजणार आहे. उद्याच्या सत्रात खुशाल वाजू दे, पण माझं मत आजच सांगून ठेवतो: चाचणीचा एक जरी कागद वसतिगृहाच्या ऑफिसात गेला, तर पुढच्या वर्षी सगळी मुलं शून्य लिहितील. जिवालाच धोका असेल, ती गोष्ट वेगळी.

विचारून पुढे करायचं काय, हा रास्त प्रश्न आहे. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे करून पाहिलं. ऑडिटमध्ये १२ ते १९ गुण पडलेल्या पुरुषांशी प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी एक ते चार भेटींत बोलणं केलं. या समुपदेशकांकडे मानसोपचाराची पदवी नव्हती. तीन महिन्यांनी ३६ टक्के सावरले, नुसत्या नेहमीच्या उपचारांत २६ टक्के. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. ही माणसं विद्यार्थी नव्हती आणि दहा टक्क्यांचा फरक म्हणजे चमत्कारही नव्हे. पण महिना-दोन महिन्यांत दोनदा बोलण्याइतकं मनुष्यबळ तर कुठल्याही महाविद्यालयाकडे असतं. गुण वीस किंवा त्याहून जास्त झाले की मात्र मानसोपचारतज्ज्ञाकडे चिठ्ठी द्या, तिथे आपलं शहाणपण नको.

आपल्या पिशवीत ऑडिटचा कोरा कागद ठेवला आहे. तो मुलांसाठी नाही, आपल्यासाठी आहे. जेवणाच्या सुटीआधी प्रत्येक डॉक्टरने आणि रेक्टरने तो भरावा, नाव न घालता, बाटलीचा हिशोब नीट करून. पेटी चहाच्या टेबलाशेजारी आहे. उद्घाटकांना मी आता विनंती करतो की त्यांनी दीपप्रज्वलनासाठी पुढे यावं.