मैना गावात काय करत होती?

दातिवऱ्याच्या बचत गटांची समन्वयक बोलतेय.

१ ऑगस्टला पावसाळी मासेमारीबंदी उठते नि बोटी सुटतात. आपला पालघर जिल्हाही २०१४ साली याच तारखेला झाला. आणि १९२० साली याच तारखेला सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले. आज त्यांच्याबद्दल बोलते.

शाळा म्हणाल तर दीड दिवसाची. पोटासाठी वडिलांबरोबर वाटेगावाहून मुंबईला आले, तेही पायी. मिळेल ती मजुरी केली, गिरणीत राबले. दुसऱ्या महायुद्धात रशियातल्या स्टालिनग्राडवर जर्मन फौजा चालून गेल्या, घराघरासाठी लढाई झाली. त्या शहरावर या माणसाने मुंबईच्या कामगारवस्तीत पोवाडा रचला. रशिया प्रत्यक्ष पाहिला तो १९६१ मध्ये! स्वतःचं गाव सुटलेलं होतं, म्हणून दुसऱ्याचं मोडलेलं गाव दिसलं असेल, असं मला वाटतं.

पण बायकांना ठाऊक आहे ती त्यांची मैनेची छक्कड. नवरा मुंबईला आलाय, बायको गावी राहिलीय, जिवाची काहिली होतेय. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतलं हे गाणं. ऐकता ऐकता कळतं की त्या दोघांसारखीच ताटातूट मराठी मुलखाचीही झालीय. बेळगाव, कारवार, डांग यांच्याबरोबर उंबरगावचंही नाव त्यात येतं. उंबरगाव म्हणजे तलासरीच्या पलीकडचं, तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यातलं. १९६० मध्ये ते गुजरातेत गेलं. आपल्याकडच्या कितीतरी लेकी तिथे दिल्यात, तिथल्या इकडे आल्यात.

मागच्या बैठकीत मी ते गाणं मोबाईलवर लावलं. एक वहिनी जाळं शिवत बसल्या होत्या. त्यांचे यजमान गुजरातच्या बोटीवर खलाशी आहेत. गेले की महिनोन्‌महिने तिकडेच. समुद्रात हद्दीची रेघ दिसत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या खलाशांनी पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षं काढलीत. फोन लागला नाही की वहिनी जेवत नाहीत, हे आम्हा सगळ्यांना माहीत.

गाणं संपलं. वहिनी म्हणाल्या, "तो तिकडे झुरतोय, ते कळलं. मैना गावात काय करत होती? तिचं कुणी लिहिलं?"

मी बीए मराठी. मला उत्तर आलं नाही. अण्णाभाऊंनी कथा-कादंबऱ्यांत हिमतीच्या बायका उभ्या केल्यात, हे मी सांगितलं. वहिनींनी ऐकून घेतलं, पण त्यांचा प्रश्न तो नव्हताच. पैसे येईपर्यंत उधारी कुणाची, सासूचं औषध, पोराचा ताप, नि रात्री वारा सुटला की उठून बसणं, हे त्यांना विचारायचं होतं.

तेव्हा असं ठरवलंय. गटाच्या हिशेबवहीची मागची पानं कोरी आहेत. ज्यांचं माणूस बाहेर आहे त्यांनी एकेकीने सांगायचं, गाण्यात नाहीतर साधं बोलून. मी लिहून घेईन. लाजायचं नाही, लिहिता न येणाऱ्यांनी तर नाहीच नाही.

बैठक शनिवारी दुपारी, भरतीची वेळ बघून. आधी कर्जाचे हप्ते, मग हे. वहिनी म्हणाल्यात, जाळं पुरं झालं तर येते.