नगराचा क्रमांक आणि मोहल्ल्याचे पाणी
(इंदूर येथील शताब्दी व्याख्यानाचा मजकूर)



एखादे शहर राहण्यास कसे आहे, हा प्रश्न नगरांइतकाच जुना आहे. त्याचे उत्तर गुणांच्या आणि क्रमांकाच्या रूपाने देण्याची प्रथा मात्र अलीकडची होय. केंद्र शासनाच्या गृहनिर्माण व नागरी कार्य मंत्रालयाने २०१८ साली १११ शहरांची अशी यादी प्रसिद्ध केली. तीत पुणे पहिले, नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी आणि इंदूर आठवे आले. पुढची यादी २०२० सालची. ती मार्च २०२१ मध्ये प्रकाशित झाली. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत तेव्हा बंगळूर पहिले, पुणे दुसरे, वडोदरा आठवे आणि इंदूर नववे ठरले.

पुणे पहिल्यावरून दुसऱ्यावर गेले म्हणजे त्या शहराचे जीवनमान खालावले काय? असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल, कारण दोन परीक्षांच्या दरम्यान प्रश्नपत्रिकाच बदलली होती. दुसऱ्या खेपेस लहान व मोठ्या शहरांच्या निरनिराळ्या याद्या करण्यात आल्या. जीवनमानाला ३५, आर्थिक क्षमतेला १५, शाश्वततेला २० आणि नागरिकांच्या प्रत्यक्ष मताला ३० असे शंभर गुण वाटले गेले. ३२ लाखांहून अधिक नागरिकांनी आपले मत नोंदविले.

गुणांच्या या वाटपातच साऱ्याची मेख आहे. समजा, एका शहराला पाणीपुरवठ्यात ९० व वाहतुकीत ५० गुण आहेत, तर दुसऱ्याला अनुक्रमे ६० व ८०. पाण्याला साठ टक्के व वाहतुकीला चाळीस टक्के महत्त्व दिले, तर पहिल्याचे ७४ व दुसऱ्याचे ६८ होतात. हेच प्रमाण उलटे केले की पहिले ६६ वर उतरते आणि दुसरे ७२ वर चढते. नळाला अथवा रस्त्यावर काडीचाही फरक पडलेला नसताना क्रमांक फिरतो. म्हणून यादी हाती येताच आपले शहर कितवे हे पाहण्याआधी, कशाला किती महत्त्व दिले आणि ते कोणासाठी, हे पाहावे. ‘इकॉनॉमिस्ट’ समूहाची जगप्रसिद्ध यादी परदेशी पाठविलेल्या कर्मचाऱ्यांना किती भत्ता द्यावा हे ठरविण्यासही वापरली जाते. तीत सुरक्षितता, आरोग्य, संस्कृती व पर्यावरण, शिक्षण आणि पायाभूत सोयी मोजतात. तेथील महागाई मोजत नाहीत. घरभाड्याच्या चिंतेत असलेल्या गृहस्थाला ती यादी कितपत उपयोगी पडावी?

दुसरी अडचण भाजकाची. दर हजारी रुग्णखाटा किंवा दरडोई पाणी काढावयाचे तर लोकसंख्या ठाऊक हवी. २०११ नंतरची जनगणना २०२१ साली व्हावयाची होती, ती पुढे ढकलली गेली. त्यामुळे मधल्या काळातील असे आकडे अंदाजावर उभे आहेत. शहर फुगले आणि अंदाज कमी धरला, तर प्रत्येकाच्या वाट्याला कागदावर अधिक पाणी येते.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे, ती सरासरीची. येथे इंदूरचाच इतिहास बोलका आहे. प्लेगच्या साथींनी गांजलेल्या या नगरात होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकारास पाचारण केले. त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. आधी निदान, मग उपचार, हे त्यांचे सूत्र. आणि ते निदान गल्लोगल्ली पायी हिंडून करावयाचे. दिवाळीच्या सुमारास त्यांनी एक मिरवणूक योजिली. तिचा मार्ग रूढीने ठरलेला नसून, ज्या भागांत घरांची डागडुजी व झाडलोट अधिक होईल त्या भागांतून ती जाणार होती. हीदेखील स्वच्छतेची एक स्पर्धाच होती. परंतु तिची कसोटी संपूर्ण शहराला नव्हे, तर गल्लीगल्लीला लागत होती.

शंभर वर्षांनी स्पर्धेचे स्वरूप पालटले. राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात २०१७ पासून २०२३ पर्यंत इंदूर सातत्याने अग्रस्थानी राहिले. शेवटच्या वर्षी तो मान सुरतेसह विभागून मिळाला. मार्च २०२१ मध्येच प्रसिद्ध झालेल्या नगर निगमांच्या कार्यक्षमतेच्या यादीतही मोठ्या शहरांत ते पहिले होते. घरोघरी ओला व सुका कचरा वेगळा करण्याची जी शिस्त येथे रुजली, तिचे मोल कोणीही कमी लेखू नये. तथापि, डिसेंबर २०२५ च्या अखेरीस याच शहराच्या भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले, अतिसाराची साथ पसरली आणि माणसे दगावली. झाडलेला रस्ता डोळ्यांना दिसतो. त्याखालची जलवाहिनी दिसत नाही. शहराची सरासरी उत्तम असतानाही एका मोहल्ल्याचे पाणी विषारी असू शकते, आणि त्या मोहल्ल्यातील आईला सरासरीचे पाणी पाजता येत नाही.

याचा अर्थ आकडे टाकून द्यावेत असा नव्हे. आकडे नसतील तर तक्रार ही नुसती कुरकुर ठरते. आकडे हवेतच, मात्र ते वॉर्डवार हवेत, वेळच्या वेळी हवेत आणि सामान्य नागरिकाला वाचता येतील असे हवेत. पाण्याच्या तपासणीचा निकाल जर वॉर्डाच्या नावानिशी दर महिन्यास जाहीर होत राहिला, तर धोक्याची सूचना साथीच्या आधी मिळण्याची शक्यता वाढते.

येथेच शतायुषी ग्रंथालयाचे काम सुरू होते. कादंबऱ्या व चरित्रे यांच्या शेजारी एक कपाट शहराचे असावे. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका, नगर निगमाचे अर्थसंकल्प, पाणी तपासणीचे अहवाल आणि गेडिससारख्यांचे जुने ग्रंथ त्यात वर्षानुक्रमे लावलेले असावेत. वृत्तपत्रातला क्रमांक दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो. त्यामागचे रकाने जपून ठेवणारी आणि दहा वर्षांनी ते पुन्हा ताडून पाहू देणारी जागा गावात दुसरी कोणती असणार? सभासदांनी आपल्या वॉर्डाचे पान शोधून वाचण्याची सवय लावून घेतली, तर ग्रंथालयाचे दुसरे शतक नगराच्या खऱ्या उपयोगी पडेल.