दोन शिला आणि एक हरवलेले नगर



१९६१ साली अफगाणिस्तानचे तत्कालीन राजे झहीर शाह देशाच्या उत्तर सीमेवर शिकारीसाठी गेले होते. अमू दर्या आणि कोकचा या नद्यांच्या संगमाजवळ तेथील ग्रामस्थांनी त्यांना एक कोरीव दगड दाखविला. तो एका स्तंभाचा शीर्षभाग होता. त्यावर कोरलेली पाने ग्रीक देवालयांच्या स्तंभांवर असतात तशीच होती. ग्रीसपासून हजारो किलोमीटर दूर, हिंदुकुशाच्या पलीकडे हा दगड आला कसा? या प्रश्नातून एका विस्मृत नगराचा शोध लागला. त्या स्थळाचे आजचे नाव आय खानुम.

हा प्रदेश भारतीयांना अपरिचित नव्हता. संस्कृत वाङ्मयातील बाल्हीक देश तो हाच. ग्रीकांनी त्याला बॅक्ट्रिया म्हटले, तर आज बल्ख हे नगर ते नाव सांभाळून आहे. पुराणांतील वक्षू नदी म्हणजे आजची अमू दर्या. आय खानुमपासून जवळच शोर्तुगाई येथे सिंधू संस्कृतीची एक वसाहत सापडली आहे. कोकचाच्या वरच्या खोऱ्यात बदख्शानच्या खाणींतून निघणाऱ्या निळ्या राजावर्त मण्यासाठी सिंधूकाठचे व्यापारी इतक्या दूरवर येत होते. ग्रीकांची पावले येथे उमटण्यापूर्वी दीड हजारांहून अधिक वर्षे या भूमीचा भारताशी संबंध होता, हे ध्यानात ठेवावयास हवे.

इ. स. पूर्व ३२९ मध्ये सिकंदर हिंदुकुश ओलांडून या प्रदेशात उतरला. त्याच्या मृत्यूनंतर हा मुलूख सेल्युकसच्या साम्राज्यात गेला. त्या सेल्युकसला चंद्रगुप्त मौर्याशी तह करावा लागला. हिंदुकुशाच्या दक्षिणेकडील प्रांत देऊन त्याने पाचशे हत्ती घेतले. पुढे इ. स. पूर्व २५० च्या सुमारास बॅक्ट्रियाचा सुभेदार डायोडोटस स्वतंत्र झाला आणि ग्रीक राजांची एक वेगळीच परंपरा या भूमीवर उभी राहिली. भारतीयांनी त्यांना यवन म्हटले.

फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पॉल बर्नार यांच्या नेतृत्वाखाली आय खानुमचे उत्खनन १९७८ पर्यंत चालले. राजवाडा, व्यायामशाळा, टेकडीच्या उतारावर कोरलेले, सुमारे पाच हजार प्रेक्षक बसतील असे नाट्यगृह, असे ग्रीक नगराचे सारे वैभव मातीखालून वर आले. मात्र नगरातील मुख्य देवालयाची रचना ग्रीक नव्हती. ती मेसोपोटेमिया आणि इराणकडच्या धाटणीची होती. आत जी भव्य मूर्ती उभी होती, तिच्या केवळ पावलाचा तुकडा हाती लागला. त्या पावलातील पादत्राणावर ग्रीक देवराज झ्यूसचे वज्र कोरलेले होते. देव ग्रीक आणि मंदिर पूर्वेचे, असा तो संगम होता.

या नगरातील एक शिला विशेष महत्त्वाची आहे. नगराचा संस्थापक मानल्या जाणाऱ्या किनिअसच्या समाधिमंदिरात ती होती. ग्रीसमधील डेल्फी हे ग्रीकांचे परमपवित्र तीर्थ. तेथे कोरलेली सुवचने क्लिअर्कस नावाच्या एका पुरुषाने काळजीपूर्वक उतरवून घेतली आणि वक्षूच्या काठी आणून कोरविली. बालपणी शिस्त, तारुण्यात संयम, प्रौढपणी न्यायबुद्धी, वार्धक्यात सुज्ञ सल्ला आणि अंतकाळी खंत नसणे, असा त्या वचनांचा आशय आहे. परमुलखात वाढणाऱ्या आपल्या मुलांनी कुळाचा संस्कार विसरू नये, ही तळमळ त्यामागे असावी. परदेशी स्थायिक झालेल्या कोणत्याही कुटुंबाला ती ओळखीची वाटेल.

परंतु मुलखाचाही माणसावर संस्कार होतोच. १९७० साली याच राजवाड्यात नाण्यांचा एक साठा सापडला. त्यात भारतातील ६७७ आहत नाणी होती. त्यांच्यासोबत राजा अगाथोक्लिसची चांदीची सहा चौकोनी नाणी होती. या राजाचा काळ इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाचा आरंभ. नाण्याच्या एका बाजूस ग्रीक अक्षरे आणि हातात नांगर व मुसळ घेतलेला संकर्षण बलराम, तर दुसऱ्या बाजूस ब्राह्मी अक्षरे आणि चक्रधारी वासुदेव. ज्यांचा काळ निश्चित सांगता येतो अशा श्रीकृष्ण-बलरामांच्या प्रतिमांत या सर्वांत प्राचीन गणल्या जातात. त्या एका यवन राजाच्या नाण्यावर आहेत.

अगाथोक्लिसचे भारतावर आणखी एक ऋण आहे. ब्राह्मी लिपी वाचण्याची विद्या मधल्या शतकांत लुप्त झाली होती. १८३६ मध्ये ख्रिस्तियन लासेन यांनी याच राजाच्या द्वैभाषिक नाण्यावरील ग्रीक नावाच्या आधारे काही ब्राह्मी अक्षरे ओळखली. पुढे जेम्स प्रिन्सेप यांनी ते वाचन पूर्णत्वास नेले आणि सम्राट अशोकाचे लेख पुन्हा बोलू लागले.

आता दुसरी शिला. ती आहे मध्य प्रदेशात, विदिशेजवळ बेसनगर येथे. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तक्षशिलेचा यवन राजा अंतलिकित याने राजा भागभद्राच्या दरबारी हेलिओडोरस नावाचा दूत पाठविला. या दूताने देवाधिदेव वासुदेवाचा गरुडध्वज उभारला आणि त्यावर स्वतःला अभिमानाने ‘भागवत’ म्हणवून घेतले. दम, त्याग आणि अप्रमाद ही तीन अमृतपदे नीट आचरली असता स्वर्गाकडे नेतात, असा आशयही त्याने कोरविला. महाभारतातही ही त्रयी एकत्र येते.

या दोन शिला मनाशी शेजारी ठेवून पाहाव्यात. वक्षूच्या काठी एक यवन डेल्फीची पाच वचने कोरवितो. काही पिढ्यांनंतर वेत्रवतीच्या परिसरात दुसरा यवन भारतीय धर्माची तीन पदे कोरवितो. दोहोंत संयम आहे, आत्मशासन आहे. हेलिओडोरसवर कोणी सक्ती केल्याची खूण त्या लेखात नाही. तो आपले ग्रीक नाव, पित्याचे नाव, तक्षशिला हे गाव आणि आपला राजा, सारे स्पष्ट सांगतो आणि त्याच दमात आपण भागवत असल्याचेही सांगतो.

या दोन स्थळांचे पुढे काय झाले, ते ऐकण्यासारखे आहे. इ. स. पूर्व १४५ च्या सुमारास भटक्या टोळ्यांच्या आक्रमणात आय खानुम उद्ध्वस्त झाले. दोन हजार वर्षे मातीने त्याला जपले. १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, युद्ध सुरू झाले, उत्खनन थांबले. त्यानंतर लुटारूंनी धातूशोधक यंत्रे घेऊन सारे पठार पोखरले. ग्रीक स्तंभशीर्षे जवळच्या गावातील एका चहाच्या दुकानाला आधार देताना आढळली. काबूलच्या राष्ट्रीय संग्रहालयावर १९९३ मध्ये अग्निबाण पडला आणि संग्रहाची लूट झाली. २००१ मध्ये बामियानच्या बुद्धमूर्ती उडविल्या गेल्या आणि संग्रहालयातील मूर्तींवरही घण पडले.

तरीही सर्व गेले नाही. संग्रहालयाच्या मूठभर कर्मचाऱ्यांनी १९८८-८९ च्या सुमारास मौल्यवान वस्तू राष्ट्रपती भवनातील बँकेच्या तळघरात हलविल्या होत्या. राज्ये बदलली, दडपण आले, परंतु त्यांनी मौन सोडले नाही. २००३ मध्ये ठेवा सुरक्षित असल्याचे जगाला कळले. २००६ पासून तो पॅरिससह अनेक नगरांत प्रदर्शित झाला. बामियानवर ज्यांनी आघात केला त्यांच्याच मातीतील या माणसांनी आपला वारसा प्राणपणाने जपला, हे विसरणे अन्यायाचे होईल.

विदिशेचा स्तंभ मात्र कोणत्याही तळघराविना उभा राहिला. १८७७ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम तेथे गेले, तेव्हा गावकऱ्यांनी लावलेल्या शेंदराच्या जाड थरामुळे त्यांना लेख दिसलाच नाही. लोक त्याला ‘खांब बाबा’ म्हणून पूजत होते. १९०९ मध्ये शेंदूर निघाला आणि अक्षरे प्रकटली. पुढे देवदत्त रामकृष्ण भांडारकर या मराठी विद्वानाने १९१३ ते १९१५ या काळात तेथे उत्खनन केले. १९६३ ते १९६५ या काळातील उत्खननात प्राचीन वासुदेव मंदिराचा लंबवर्तुळाकार पायाही आढळला. गावकऱ्यांना हेलिओडोरस ठाऊक नव्हता, ब्राह्मी वाचता येत नव्हती. त्यांच्याजवळ श्रद्धा होती आणि तिनेच तो दगड राखला.

यवनांच्या पाऊलखुणा महाराष्ट्रातही आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही स्तंभ धेनुकाकट येथील, स्वतःला यवन म्हणविणाऱ्या दात्यांनी दिले. त्यांपैकी एकाचे नाव सिंहध्वज. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिली. नाशिकच्या पांडवलेण्यांतील सतरावे लेणे दत्तामित्री येथील उत्तरेकडच्या यवनाने, धर्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त याने, कोरविले. पितापुत्रांची ही नावे पाहावीत. त्यांत परकेपण शोधूनही सापडत नाही.

सुट्टीच्या दिवशी कार्ल्याला अनेक कुटुंबे जातात. एकवीरा आईचे दर्शन घेतात, लेणे पाहतात, छायाचित्रे काढतात. त्यांनी पुढच्या वेळी मुलांना त्या स्तंभांजवळ नेऊन सिंहध्वजाचे नाव अवश्य दाखवावे. अनेक प्राचीन वास्तूंच्या भिंतींवर हल्ली खिळ्याने कोरलेली नावेही दिसतात. सिंहध्वजाने स्तंभ दिला, मग त्यावर नाव कोरले. हा फरक मुलांना तेथेच उभे राहून समजावून सांगितला, तर काबूलच्या त्या कर्मचाऱ्यांचे आणि विदिशेच्या त्या अनाम गावकऱ्यांचे काम थोडेफार पुढे चालेल.