तळहाताएवढा संगणक आणि शाळेची निवड

(प्राथमिक शिक्षकांच्या उद्बोधन वर्गातील भाषण)



लोकवर्गणीतून शाळेसाठी संगणक घ्यावयाचा ठरला, की गावात पहिला प्रश्न निघतो तो किमतीचा. यंत्र बिघडल्यावर ते दुरुस्त कोण करणार, हा दुसरा प्रश्न बहुधा ते कपाटात कुलूपबंद झाल्यावरच सुचतो. अगदी लहान संगणक स्वतः जोडावा की त्याऐवजी दुसरे काही घ्यावे, हा आजचा विषय आहे. परंतु त्याचा विचार या दुसऱ्या प्रश्नापासून करणे अधिक हिताचे.

मुंबईत कुलाब्यास टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक कार्यान्वित केला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या आणि त्याच्या स्मृतीत ४० द्विमान अंकांचे २,०४८ शब्द मावत. २०१५ साली निघालेला ‘रास्पबेरी पाय झीरो’ हा बोर्ड ६५ मिलिमीटर लांब आणि ३० मिलिमीटर रुंद आहे. त्याचे वजन ९ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ खडूच्या एका कांडीइतके. त्याची स्मृती टिफ्रॅकच्या पन्नास हजारपटींहून अधिक असून मूळ किंमत ५ डॉलर होती. हे आकडे ऐकून कोणालाही मोह पडावा. तथापि स्वस्त संगणकाचे दोन प्रयोग महाराष्ट्रात होऊन गेले आहेत, ते आधी पाहणे आवश्यक आहे.

त्यांपैकी एक पवईचा. ‘आकाश’ या पाटीसंगणकाची पहिली आवृत्ती ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत प्रकाशित झाली. पडदा सात इंची, प्रक्रियकाचा वेग ३६६ मेगाहर्ट्‌झ, स्मृती २५६ मेगाबाइट. पडद्यावर बोट दाबून धरावे लागे, काम संथ चाले आणि बॅटरी लवकर संपे. पुढे २०१२ साली ही जबाबदारी पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे आली. प्राध्यापक दीपक फाटक यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे चाचण्या झाल्या आणि विद्यार्थ्यांना त्या पाटीवरच पायथन, सी व सायलॅब यांत आज्ञावल्या लिहिता याव्यात अशी व्यवस्थाही झाली. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते दुसरी आवृत्ती प्रकाशित झाली. तिचा वेग १ गीगाहर्ट्‌झ, स्मृती ५१२ मेगाबाइट आणि सरकारला पडणारी किंमत २,२६३ रुपये होती. यंत्रात निश्चित सुधारणा झाली होती. तरी २०१५ साली योजना बंद झाली. पाटीसंगणकाचा गुण हा, की एकाच वस्तूत सर्व काही आयते मिळते. दोषही तोच. पडदा फुटला की आतले सारे शाबूत असूनही यंत्र गेले.

दुसरा प्रयोग जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना अधिक जवळचा वाटेल. रायगड जिल्ह्यात कर्जतकडील खैराट धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमाचे हिरवे-पांढरे ‘एक्सओ’ संगणक आले. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील मंडळींनीही या शाळेत काम केले. या यंत्राचा पडदा उन्हात वाचता येई आणि कळफलकावर रबराचे आवरण असल्यामुळे धूळ आत जात नसे. विशेष म्हणजे ते साध्या पेचकसाने उघडता येई आणि त्याच्या मुठीतच जादा स्क्रू ठेवलेले असत. ज्याने हे स्क्रू तेथे ठेवविले, त्याला शाळा म्हणजे काय ते नक्की ठाऊक होते! मात्र जाहीर झालेली १०० डॉलरची किंमत कधी साधली नाही. ती दुपटीच्या जवळ गेली.

आता स्वतः जोडावयाच्या संगणकाविषयी. नुसता बोर्ड म्हणजे संगणक नव्हे. त्याला मेमरी कार्ड, ५ व्होल्टचा चांगला चार्जर, पडदा, कळफलक आणि माउस लागतात. ‘झीरो’वर जोडण्यांची तोंडेही लहान असल्याने पडद्यासाठी वेगळा जोड आणि कळफलक-माउस एकत्र लावण्यासाठी हब घ्यावा लागतो. अशा रीतीने ५ डॉलरच्या बोर्डाभोवती त्याच्या कित्येक पट खर्च उभा राहतो. शाळेसाठी ८५ बाय ५६ मिलिमीटरचा, चार यूएसबी तोंडांचा मोठा भाऊ अधिक सोयीचा. २०२० साली निघालेल्या ‘पाय ४००’मध्ये तर बोर्ड कळफलकाच्या पोटातच बसविलेला आहे.

अडचणी येतात त्या बहुधा विजेच्या. मोबाइलचा जुना चार्जर आणि बारीक तार लावली की दाब उतरतो, पडद्यावर विजेच्या आकाराची खूण दिसते आणि यंत्र मधेच पुन्हा सुरू होते. काम चालू असता वीज गेली तर कार्डावरील मजकूर बिघडू शकतो. म्हणून यंत्र रीतसर बंद करण्याची सवय मुलांना पहिल्याच दिवशी लावावी आणि कार्डाची एक तयार प्रत मुख्याध्यापकांच्या खणात ठेवावी. कार्ड बदलले की दहा मिनिटांत वर्ग पुन्हा सुरू होतो. ही सोय पाटीसंगणकात नाही. जुन्या बोर्डांत घड्याळाची बॅटरी नसते, त्यामुळे इंटरनेट नसल्यास तारीख चुकते. त्याचा बाऊ करू नये.

मराठीची अडचण आता राहिलेली नाही. लिनक्सवर देवनागरी जोडाक्षरे नीट उमटावीत म्हणून अंधेरीजवळ जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने ‘इंडिक्स’ या नावाने काम केले होते. ते केंद्र नंतर सी-डॅकमध्ये विलीन झाले. ‘किविक्स’ या आज्ञावलीने मराठी विकिपीडिया कार्डावर उतरवून घेतला, तर इंटरनेटवाचूनही तो वाचता येतो.

तिसरा पर्याय म्हणजे कार्यालयांतून निवृत्त झालेला, जाड पुस्तकाएवढा संगणक. तो अधिक वीज घेतो, परंतु वेगवान असतो, नेहमीच्या सर्व आज्ञावल्या चालवितो आणि त्याची स्मृती व डिस्क बदलता येते. पालघरकडून येणाऱ्या गुरुजींनी बोरिवलीस गाडी बदलून ग्रँट रोड गाठावे. तेथे भडकमकर मार्गावर, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या लॅमिंग्टन रोडवर, हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. दुकानदार वेग सांगेल. गुरुजींनी वीज किती लागते आणि चार्जर वेगळा मिळतो काय, हे विचारावे.

शाळेला केवळ माहिती भरणे आणि चित्रफिती दाखविणे एवढेच हवे असेल, तर कार्यालयीन जुना संगणक घेणे शहाणपणाचे. तेथे बोर्डाचा हट्ट नको. परंतु संगणक म्हणजे काय हे चौथीच्या मुलांना डोळ्यांनी दाखवायचे असेल, तर उघडा बोर्डच हवा. त्याच्या ४० टाचण्यांपैकी दोन टाचण्यांना रोधासह एक छोटा दिवा जोडून तो आज्ञावलीने चालू-बंद करता येतो, आणि पहिली आज्ञावली चार-सहा ओळींची असते. केंद्रातील दोन शेजारच्या शाळांनी एकाच जातीचे बोर्ड घ्यावेत, म्हणजे एकीचा चार्जर दुसरीच्या उपयोगी पडेल आणि बिघाड बोर्डाचा की तारेचा, हे तालुक्याला न जाता अदलाबदल करून कळेल.