आईबाबा दिव्यांग असतात तेव्हा

आई अंध असेल, तर घरी आलेलं पत्र मूल वाचून दाखवतं. बाबांना ऐकू येत नसेल, तर दारात आलेल्या माणसाशी तेच बोलतं. अशी मुलं लवकर जाणती होतात. त्यांचं कौतुक जरूर करावं, पण आधाराचा सगळा भार त्यांच्यावर टाकून समाजाला मोकळं होता येणार नाही.

या आधारासाठी कायदेही आहेत. अपंगांसाठीच्या १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते आणि सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण होतं. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं २१ प्रकार मान्य केले आणि आरक्षण किमान ४ टक्के केलं. आता दिव्यांगांसाठीचं यूडीआयडी हे ओळखपत्र देशभर चालतं. २०२२मध्ये महाराष्ट्रानं स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही स्थापन केला.

मुलांच्या दृष्टीनं एक तरतूद फार मोलाची आहे. भारतानं २००७मध्ये संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार स्वीकारला. त्याचं २३वं कलम सांगतं, की आईवडील दिव्यांग आहेत एवढ्याच कारणावरून मुलाला त्यांच्यापासून दूर करता येणार नाही. उलट, मूल वाढवताना त्यांना योग्य मदत देणं हे सरकारचं कर्तव्य आहे.

आपणही हातभार लावू शकतो. शाळांनी पालकसभा तळमजल्यावर घ्यावी, सूचना बोलून आणि लिहूनही द्याव्यात. घरात कोणाचं अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल, तर यूडीआयडीसाठी अर्ज जरूर करा. सरकारी मदत मिळणं हा तुमचा हक्क आहे.