सुएझचे वर्ष : इजिप्त १९५६



इजिप्तच्या आधुनिक इतिहासातील एकच वर्ष निवडा, असे कोणी म्हटले तर मी विनाविलंब १९५६ चे नाव घेईन. त्या वर्षाची हकिकत आपण बहुधा सुएझच्या युद्धाची हकिकत म्हणून ऐकतो. परंतु युद्धापूर्वी, सप्टेंबर महिन्यात, त्या राष्ट्राची एक निराळीच परीक्षा झाली. आज मला विशेषकरून तिच्याविषयी बोलायचे आहे.

वर्षाच्या मध्यावर इंग्रजांची शेवटची पलटण सुएझचा तळ सोडून गेली. १८८२ पासून ठाण मांडून बसलेले परके सैन्य हटले आणि त्याच जून महिन्यात गमाल अब्देल नासर सार्वमताने अध्यक्ष झाले. सैन्य गेले तरी कालवा मात्र परक्या कंपनीकडेच होता. १८७५ साली कर्जात बुडालेल्या खेदिव इस्माईलने आपले सगळे भाग विकायला काढले आणि डिझरेलींनी ते चाळीस लक्ष पौंडांना ब्रिटनसाठी विकत घेतले. इजिप्तच्या भूमीवर, इजिप्शियन वेठबिगारांच्या घामातून खोदलेल्या त्या जलमार्गात इजिप्त जणू परका झाला. कंपनीचा करार १९६८ पर्यंत होता. नासर तोवर थांबले असते की नाही, हा प्रश्न अमेरिकेने निकालात काढला.

१९ जुलै रोजी अमेरिकेने आस्वान धरणासाठी देऊ केलेले साहाय्य काढून घेतले, पाठोपाठ ब्रिटननेही. गंमत पाहा, हे वृत्त आले तेव्हा नासर युगोस्लाव्हियातील ब्रिओनी येथून टिटोंची भेट घेऊन परतत होते आणि त्यांच्या विमानात पंडित नेहरू सहप्रवासी होते. पुढे आठवडाभरात जे घडले त्याची पुसटशी कल्पनाही या मित्राला देण्यात आली नव्हती! राष्ट्रांची मैत्री किती खोल असते, याचा हा एक नमुना मानावा.

२६ जुलैच्या सायंकाळी अलेक्झांड्रियातील प्रचंड सभेत नासर बोलू लागले. भाषणात ते कालव्याचा निर्माता फर्दिनां द लेसेप्स याचे नाव पुन्हा पुन्हा घेत होते. ती खूण होती. महमूद युनिस या अभियंत्याच्या नेतृत्वाखालील तुकड्या रेडिओला कान लावून बसल्या होत्या. नाव उच्चारले जाताच त्यांनी कंपनीच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या. भागधारकांना पॅरिसच्या बाजारभावाने भरपाई देण्याचेही नासर यांनी जाहीर केले होते. त्यामुळे ही चोरी आहे, हा आरोप कायद्याच्या कसोटीवर फारसा टिकत नव्हता.

मग युक्तिवाद बदलला. ‘कालवा यांचा असेल, पण तो चालविणे यांना साधणार नाही’, असे लंडन-पॅरिसमध्ये बोलले जाऊ लागले. ऑगस्टमध्ये लंडनला बावीस राष्ट्रांची परिषद भरली. अठरा राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय नियंत्रणाची बाजू घेतली. भारत, श्रीलंका, इंडोनेशिया आणि सोव्हिएत रशिया यांनी तिला मान्यता दिली नाही. कृष्ण मेनन यांनी मांडलेली तडजोडीची योजनाही मागे पडली.

अरुंद कालव्यातून अवाढव्य जहाज नेणे हे सामान्य खलाशाचे काम नव्हे. त्यासाठी वाटाडे लागतात. बंदरावरचे लोक त्यांना पायलटच म्हणतात. कंपनीकडे असे सुमारे दोनशे पायलट होते आणि त्यांत इजिप्शियन चाळीसच्या आसपास. सप्टेंबरच्या मध्यावर, कंपनीच्या इशाऱ्यावरून, बहुतेक परदेशी पायलट एकदम काम सोडून गेले. आता जहाजांची रांग लागेल, एखादे गाळात रुतेल आणि हस्तक्षेपाला आयते निमित्त मिळेल, अशी ही अटकळ. परंतु मूठभर इजिप्शियन आणि त्यांच्यासोबत राहिलेले काही ग्रीक पायलट झोप विसरून जहाजामागून जहाज पार करीत राहिले. कालवा अखंड चालू राहिला. मला वाटते, अलेक्झांड्रियाच्या घोषणेला खरे मोल या माणसांनी मिळवून दिले. घोषणा करायला एक सायंकाळ पुरली होती. कालवा मात्र रोज चालवावा लागत होता.

हे निमित्त हुकल्यावर दुसरे घडविण्यात आले. पॅरिसजवळील सेव्र येथे ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांच्या प्रतिनिधींनी गुप्त करार केला. २९ ऑक्टोबरला इस्रायली सैन्य सिनाईत उतरले. आणि दोन लढणाऱ्यांना दूर करण्याचा आव आणीत ब्रिटन-फ्रान्सने आधी बाँबफेक केली, मग पोर्ट सैदला सैन्य उतरविले. इजिप्तने जहाजे बुडवून कालवा स्वतःच बंद केला. रणांगणावर इजिप्तचा पराभवच झाला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. हल्लेखोरांना थोपविले ते अमेरिकेच्या आर्थिक दडपणाने. पौंड कोसळू लागताच ईडन यांचा धीर सुटला. डिसेंबरअखेर ब्रिटिश-फ्रेंच सैन्य परतले आणि पोर्ट सैदच्या लोकांनी लेसेप्सचा पुतळा सुरुंगाने उडविला.

त्याच नोव्हेंबरात रशियाचे रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले होते. सुएझबद्दल तत्काळ कडाडलेली दिल्ली हंगेरीबद्दल अडखळली, आणि संयुक्त राष्ट्रांतील एका ठरावाविरुद्ध तर तिने मतही दिले. इजिप्तच्या न्याय्य पक्षाला आपण दिलेला पाठिंबा त्यामुळे उणा ठरत नाही. पण तोच न्याय दुसऱ्या तागडीत का टाकला नाही, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

या विजयाची दुसरी बाजूही आहे. शतकानुशतके कैरो-अलेक्झांड्रियात नांदणाऱ्या ज्यू कुटुंबांवर युद्धाचा राग निघाला. मालमत्ता जप्त झाल्या आणि अल्पावधीत सुमारे पंचवीस हजार माणसे देश सोडून गेली. कित्येकांच्या हाती एक पेटी तेवढी उरली. जे शासन परक्या कंपनीपासून आपला हक्क सोडवीत होते, त्याच शासनाने आपल्याच रहिवाशांना परके ठरविले.

एप्रिल १९५७ मध्ये, बुडालेली जहाजे काढल्यावर, कालवा पुन्हा वाहता झाला. सिनाई-गाझाच्या सीमेवर संयुक्त राष्ट्रांचे शांतिसैन्य उभे राहिले आणि त्यात आपल्या भारतीय पलटणीही होत्या. दहा वर्षे त्यांनी त्या वाळूत पहारा दिला. जून १९६७ चे युद्ध पेटले तेव्हा माघारी निघण्याच्या तयारीत असलेले आपले काही जवान तिथेच कामी आले.