सदाफुली, गांजा आणि कॅन्सर



तुरीच्या ओळींत लपवलेली गांजाची झाडं पोलिसांनी उपटली, अशी बातमी आपल्या वऱ्हाडात अधूनमधून येते. त्याच गांजाच्या तेलानं कॅन्सर बरा होतो, असे व्हिडिओही मोबाइलवर फिरतात. वाशिम, रिसोड, कारंज्याच्या घराघरांत ते पोहोचतात, म्हणून आज त्याबद्दल.

दावा अगदीच हवेतला नाही. गांजातल्या टीएचसी या द्रव्यानं उंदरांच्या फुप्फुसातली गाठ वाढायची मंदावली, हे अमेरिकेत १९७५ सालीच छापून आलं. २००६ मध्ये स्पेनच्या डॉक्टरांनी मेंदूतली गाठ उलटलेल्या ९ रुग्णांच्या गाठीतच हे द्रव्य सोडलं. त्यांना ते सोसलं. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे आयुष्य वाढलं की नाही ते कळेना. पुढे अशाच रुग्णांना नेहमीच्या केमोसोबत गांजाच्या अर्काचा तोंडातला फवारा देऊन पाहिला. वर्षभरानं त्या गटातले ८३ टक्के रुग्ण हयात होते, नुसत्या केमोच्या गटातले ४४ टक्के. आकडे मोठे वाटतात. रुग्ण मात्र दोन्ही गट मिळून २१! म्हणून ब्रिटनमध्ये आता मोठी चाचणी हाती घेतली आहे.

प्रयोगशाळेत काचेच्या बशीतली कॅन्सरपेशी मारणं सोपं असतं. तिथं द्रव्य हवं तेवढं ओतता येतं. पोटात घेतलेल्या तेलातलं बरंचसं मात्र यकृतातच मोडतं. त्याहून काळजीची गोष्ट जर्मनीत २००४ मध्ये दिसली: टीएचसीची मात्रा अगदी कमी असताना काही कॅन्सरपेशी उलट जोमानं वाढल्या.

मग वनस्पतीतून औषध निघतच नाही का? निघतं. आपल्या दारातली सदाफुली बघा. तिची पानं कॅनडात मधुमेहासाठी तपासत होते. साखर हलली नाही, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातून १९५८ मध्ये विनब्लास्टिन हाती आलं, पाठोपाठ विनक्रिस्टिन. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर ते आजही शिरेतून देतात, तेही मोजून-मापून. सदाफुलीचा काढा पिऊन तो कॅन्सर बरा होत नाही, आणि झाड विषारी आहे.

गांजातल्या टीएचसीला कॅन्सरच्या रुग्णांसाठी एका कामात मान्यता आहे: केमोनंतरची मळमळ आणि उलटी. अमेरिकेत १९८५ पासून त्याची गोळी मिळते. योगायोग असा की आपल्याकडे गांजावर बंदी घालणारा एनडीपीएस कायदाही १९८५ चाच. तरी त्या कायद्यात वैद्यकीय आणि शास्त्रीय कामासाठी परवान्याची वाट ठेवली आहे. जम्मूच्या सीएसआयआर संस्थेत असं संशोधन चालतं. ते तिथंच व्हायला हवं, तुरीच्या शेतात नव्हे.

घरात कॅन्सरचा रुग्ण असेल, तर अकोल्याचे किंवा नागपूरचे उपचार तेलाच्या बाटलीसाठी थांबवू नका. कुणी ते घेत असेल, तर डॉक्टरांपासून लपवू नका. इस्रायलमधल्या एका पाहणीत निवोलुमॅब या कॅन्सरवरच्या औषधासोबत गांजा घेणाऱ्यांमध्ये त्या औषधाला कमी रुग्णांनी दाद दिली होती. डॉक्टर रागावतील, रागावू द्या, पण सांगा.